दोरी कुठे बांधायची

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी बडोदा शहरात घुसली तेव्हा कारेलीबागेतल्या आमच्या घरात गुडघाभर पाणी आलं आणि जाताना वीतभर गाळ ठेवून गेलं. आठवड्याभराने जिन्याखालचा पसारा बाहेर काढला. कमर्शियल प्लायचा चपलांचा रॅक फुगून, पापुद्रे सुटून, भिजलेल्या वहीसारखा झाला होता. त्याच्याच शेजारी मरीन प्लायचा एक दोन बाय तीन फुटांचा तुकडा पडला होता, ओट्याखालची कपाटं केली तेव्हाचा उरलेला. तो पुसला आणि उन्हात ठेवला, संध्याकाळी जसाच्या तसा. एकावर मानकाचा शिक्का आयएस ३०३, दुसऱ्यावर आयएस ७१०. प्लायवाला हा फरक मला किती वर्षं सांगत होता आणि मला वाटायचं, महाग माल खपवायचे धंदे आहेत.

त्याच गाळातून वडिलांची हत्यारांची पेटी निघाली. वडील कलाभवनात शिकलेले. सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेलं कलाभवन, जिथे दादासाहेब फाळकेही शिकून गेले. फाळक्यांचा विषय घरात निघाला की वडील एवढंच म्हणायचे, "त्यांनी सिनेमा काढला, मी खुर्च्या काढल्या." पेटीत दोन रंधे, पाच पटाशा आणि एक लहान करवत होती, सगळं गंजलेलं. चार दिवस रॉकेलमध्ये बुडवून घासली. पटाशीला धार लागल्यावर काहीतरी कापून बघावंसं वाटणं साहजिक होतं, आणि मला निवृत्त होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. म्हणून रिमोटवर चालणारी टगबोटची छोटी प्रतिकृती करायला घेतली.

टगबोटच का, हे सगळे विचारतात. नोकरीत मी बरीच वर्षं गुजरातेतल्या दहेज बंदरावर जाऊन-येऊन होतो, इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामावर. तिथलं एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं, टर्मिनल २००४ ला सुरू झालं. पावणेतीनशे मीटरचं जहाज गॅस घेऊन येतं आणि खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक आठ-नऊ मीटरचा, त्यामुळे पाणी सदा पळत असतं. अशा पाण्यात एवढं धूड स्वतःहून जेटीला लागत नाही. चार टग त्याला पुढून-मागून धरतात, ढकलतात, ओढतात. तीस-पस्तीस मीटरची ठेंगणी, जाडजूड, टायर लटकवलेली बोट. बाकीचे जहाजाचे फोटो काढायचे, मी टगकडे बघत बसायचो. ती वाकडी-तिकडी सरकायची, मध्येच काळा धूर सोडायची, पण जहाज मात्र तिला पाहिजे तिथेच जायचं.

दहेजच्या टगना सगळ्या दिशांना फिरणारे प्रॉपेलर असतात, ते घरी करणं माझ्या आवाक्याबाहेरचं. म्हणून जुन्या पद्धतीची, एका पंख्याची बंदरातली टग निवडली. नकाशा नेटवर मिळाला. १:५० चं प्रमाण धरलं म्हणजे ३० मीटरची बोट ६० सेंटिमीटरची. फतेगंजला आर्किटेक्टची पोरं जिथे ड्रॉइंग काढतात, तिथे प्लॉटरवर प्रिंट घेतली. फ्रेम, म्हणजे बोटीच्या आडव्या फासळ्या, कापून झाल्यावर सहज पट्टी लावली तर ५७! त्याने कागदात बसावं म्हणून आपणहून लहान करून दिलं होतं. अकरा फ्रेम वाया गेल्या आणि तो पुरातून वाचलेला प्लायचा तुकडा संपला. नवा आणावा लागला. आता प्रिंट हातात पडली की तिथेच, दुकानदारासमोर पट्टी लावतो, त्याला वाईट वाटलं तरी चालेल.

कागदावरचं एक गणित मात्र करवत धरायच्या आधीच केलं होतं, ते बरं झालं. लांबी पन्नासाव्या हिश्श्याला येते, पण वजन पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे सव्वा लाखाव्या हिश्श्याला. खरी टग ५२० टनांची असेल तर माझी ४ किलो १६० ग्रॅमची. त्याहून हलकी झाली तर बदकासारखी वर तरंगेल, जड झाली तर डेकवर पाणी येईल. मग स्वयंपाकघरातला काटा वर्कशॉपमध्ये, म्हणजे गॅलरीत, आला आणि तिथेच राहिला. (पुढचे चार महिने आमच्याकडे केकचं मैदा-साखरेचं माप अंदाजाने पडत होतं. हे मला नुकतंच पुन्हा ऐकवण्यात आलं.)

सांगाडा जमवायला दोन दिवस पुरले. सपाट फळीवर फ्रेम उलट्या उभ्या करायच्या, म्हणजे बोटीची पाठ खाली आणि पोट वर, आणि मधून कणा बसवायचा. खरी परीक्षा त्यावर पट्ट्या चढवण्यात आहे. मशिनरीच्या खोक्यांचं पाइन लाकूड सुताराकडून दोन मिलिमीटर जाड, आठ मिलिमीटर रुंद असं चिरून आणलं होतं. मधल्या भागात पट्टी आपली सरळ बसते. टगचं पुढचं तोंड मात्र गोलसर आणि मागचा भाग तर अर्ध्या नारळासारखा. कोरडी पट्टी तिथे वाकवली की कट्ट! पहिल्या दिवशी नऊ तुटल्या.

मग गरम पाण्यात तासभर भिजवून इस्त्रीवर वाकवायची युक्ती सापडली. ओल्या पट्टीचं टोक इस्त्रीच्या तापलेल्या तळाला टेकवायचं, दुसरं टोक हाताने हळूहळू वळवायचं. चर्र आवाज होतो, वाफ येते, पाइनचा राळेसारखा वास सुटतो, आणि एक क्षण असा येतो की लाकूड हट्ट सोडतं. बोटांना ते कळतं. त्या क्षणाच्या आधी जोर लावला तर तुटतं, नंतर लावला तर पट्टी जळून तपकिरी होते. वळलेली पट्टी फ्रेमवर कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची आणि सुकली की मगच चिकटवायची, कारण ओलं लाकूड सुकताना आकसतं आणि फटी पडतात. दुसरी गोष्ट, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आळीपाळीने लावायच्या. मी उत्साहात डावीकडे सलग सहा लावल्या तर कणा केळ्यासारखा वळला. त्या सहाही पटाशीने सोडवल्या. वडील असते तर काही बोलले नसते, नुसते चष्म्यावरून बघितलं असतं.

पट्ट्यांवर डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात ती पुट्टी, मग पॉलिश पेपर ८० पासून ४०० पर्यंत, मग बाहेरून पातळ ग्लास फायबरचं कापड आणि इपॉक्सी. हे काम जानेवारीत आलं. बडोद्याची थंडी म्हणजे पुण्याच्या लोकांनी हसावं अशी, पण रात्री बारा-तेरा डिग्रीला इपॉक्सी दोन दिवस चिकटच राहिलं. शेवटी बोटीवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालून आत शंभर वॅटचा बल्ब लावला. घरात आलेल्या प्रत्येकाने विचारलं, पिल्लं काढताय का?

आता टगचा जीव, म्हणजे पंखा. टगला वेग नको असतो, जागेवरून ओढायची ताकद लागते. त्यासाठी मोठा पंखा सावकाश फिरवायचा. मी आधी रिमोटच्या गाडीत येते ती ५४० ची मोटर थेट शाफ्टला जोडली, पन्नास मिलिमीटरचा पितळी पंखा लावला आणि १२ व्होल्ट दिले. पाण्यात नुसता पांढरा फेस झाला, बोट तसूभर हलेना, मोटरला हात लावला तर चटका, आणि फ्यूज गेला. एवढ्या वेगाने फिरणारा पंखा पाणी ढकलत नाही, घुसळतो. मग ७७५ नंबरची १२ व्होल्टची मोटर घेतली आणि थ्रीडी प्रिंटरमध्ये असतो तसला दातेरी पट्टा लावला: मोटरवर २० दातांची पुली, शाफ्टवर ४० ची. वेग निम्म्यावर, जोर दुप्पट. फेस गेला आणि मागे गुळगुळीत पाण्याचा लोट दिसायला लागला.

पंख्याभोवतीचं कडं हे या सगळ्यातलं माझं आवडतं प्रकरण. त्याला कॉर्ट नोझल म्हणतात. लुडविग कॉर्ट नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९३० च्या दशकात ते पुढे आणलं. पंख्याला गोल कड्यात बसवायचं, पण कड्याचा छेद विमानाच्या पंखासारखा हवा: पुढून जाड गोलसर, मागे निमुळता. मग पाणी आत शिरताना वेग घेतं आणि कडं स्वतःच थोडं पुढे ओढतं. बोट पळत असताना त्याचा फायदा कमी होत जातो, पण टग मुळात पळतेच कुठे? मला वाटलं, पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून लावला की झालं. लावला. बॅग मोजायचा डिजिटल काटा टाकीच्या काठाला बांधून दोरीने ओढ मोजली: पाइपशिवाय ५४० ग्रॅम, पाइपसकट ५२०. म्हणजे आहे तीही गेली. पंख्याच्या टोकापासून पाइपपर्यंत चार मिलिमीटर मोकळं होतं आणि पाणी तिथूनच मागे पळत होतं.

तेव्हा मकरपुरा जीआयडीसीत एका लेथवाल्याकडे गेलो. हातात पुठ्ठ्यावर काढलेला छेद. त्याने तो उलटा-सुलटा करून बघितला, नायलॉनच्या रॉडकडे मी बोट दाखवलं तशी मान हलवली. "काका, डेलरीन लई लो. नायलॉन तो पाणी पीए." डेलरीन, म्हणजे दुसऱ्या जातीचं टणक प्लास्टिक, घ्या म्हणत होता. खरंच आहे, नायलॉन पाणी शोषून फुगतं, आणि माझ्या पंख्याला दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटरचीच जागा होती. त्याने बावन्न मिलिमीटरच्या भोकाचं कडं अर्ध्या तासात काढून दिलं. पैसे विचारले तर म्हणाला, चालली की व्हिडिओ पाठवा. नव्या कड्याने काटा ६६० दाखवत होता. मी तीनदा मोजलं, मग हिला बोलावून मोजायला लावलं, म्हणजे साक्षीदार असावा.

इलेक्ट्रॉनिक्सचं फार सांगण्यासारखं नाही, ते विकत मिळतं. स्पीड कंट्रोलरवर ३२० अँपियर छापलेलं होतं. एवढा करंट त्याच्या त्या बोटभर वायरीतून गेला असता तर बोटीची दिवाळी झाली असती. माझी मोटर दोन अँपियरच्या आसपास घेते, तेव्हा चालून जातं. मोटरच्या टर्मिनलना छोटे सिरॅमिक कपॅसिटर लावले, नाहीतर ब्रशच्या ठिणग्यांनी सुकाणू वळवणारा सर्वो, म्हणजे छोटी मोटर, आपोआप थरथरतो. आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यातून जात नाही, म्हणून रिसीव्हर वर, चालकाच्या केबिनच्या छताखाली. बॅटरी यूपीएसची, १२ व्होल्ट ७ अँपियर-आवर, वजन २ किलो १०० ग्रॅम. विमानवाले वजन कमी करायला जीव टाकतात. टगला वजन हवंच असतं, त्यामुळे शिशाची स्वस्त बॅटरी इथे राजासारखी बसते. फक्त तिला आडवी झोपवली, म्हणजे भार खाली राहतो. उरलेलं वजन टायरवाल्याकडून आणलेल्या व्हील बॅलन्सिंगच्या जुन्या शिशाच्या तुकड्यांनी भरून काढलं.

तरंगवायला पुरात तडकलेली काळी पाण्याची टाकी मधून कापून घेतली होती. बॅटरी नसताना बोट पाण्यात ठेवली तर सरळ कुशीवर लवंडली, मेलेल्या माशासारखी. बॅटरी ठेवली, हलली, उभी राहिली. मग शिशाचे तुकडे एकेक करून पुढे-मागे सरकवत रंगाची रेघ पाण्याला टेकवायची. या कामात दुपार कशी गेली कळलं नाही. खाली रेड ऑक्साइड, वर काळा, केबिन पिवळसर. पुढच्या तोंडावर जाड दोरखंडाची मिशी असते, ती काथ्याची सुतळी विणून केली. कडेचे टायर नातवाच्या मोडक्या गाड्यांचे, त्याची रीतसर परवानगी घेऊन.

मग प्रश्न आला हुकाचा. ओढायची दोरी कुठे बांधायची? मी म्हटलं, यात विचारायचं काय? ट्रकचा हूक मागे, ट्रॅक्टरचा मागे, बोटीचाही मागे. नकाशात तो जवळजवळ मध्यावर, केबिनच्या पाठीमागे दाखवला होता आणि मागचं सगळं डेक मोकळं. मला ती जागेची उधळपट्टी वाटली. हूक शेवटच्या टोकाला ठोकला.

भाच्याच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. वॉचमनने सकाळी साडेसहा ते सात एवढा वेळ दिला. ओझं म्हणून थर्माकोलचं मोठं खोकं, त्यात दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या सहा बाटल्या. टग ओढायला लागली, खोकं मागून निमूट निघालं, आम्ही टाळ्या वाजवल्या. भिंत जवळ आली तसं सुकाणू पूर्ण डावीकडे घातलं. बोट वळेना. सुकाणू वळलंय, पंखा पाणी फेकतोय आणि बोट सरळच. वळायचं म्हणजे बोटीला शेपूट बाजूला टाकावं लागतं, आणि शेपूट तर मी दोरीने बांधून ठेवलं होतं. तोंड भिंतीवर आपटलं, काथ्याच्या मिशीने वाचवलं.

घरी येऊन हूक उपटला आणि नकाशाबरहुकूम मध्यापासून जरा मागे लावला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच खोकं. आता टग गर्रकन वळली. एवढी छान वळली की मी आणखी वळवली, वेग होता तसाच ठेवून. टग वळली पण खोकं कुठे वळतंय! ते आपल्या जुन्या वाटेने सरळ निघालं. दोरी मागची बाजूला आली, बाजूची आडवी आली आणि ताणली गेली. टग एका अंगावर झुकली, डेकची कड पाण्याखाली गेली, आणि डेकवरचं झाकण मी नुसतं ठेवलेलं होतं, स्क्रू न लावता. साधारण चार सेकंद. केबिनचं छत, मग डोलकाठी, मग बुडबुडे. रिसीव्हर बुडाल्याबरोबर सिग्नल तुटला आणि पंखा आपोआप थांबला, तेवढी एकच गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली.

भाचा कपड्यांसकट उतरला. "मामा, वजन बराबर आहे हं, उचलेना," असं खालून म्हणाला. कंट्रोलर आणि मोटर सुकल्यावर चालले, रिसीव्हर तांदळाच्या डब्यात तीन दिवस ठेवूनही गेला तो गेलाच.

नंतर वाचलं तर याला गर्टिंग म्हणतात आणि खऱ्या टग याच कारणाने उलटतात, माणसांसकट, काही क्षणांत. मागचं जहाज टगहून शेकडो पट जड असतं. दोरी एकदा आडवी झाली की टगला ना पुढे जाता येतं ना मागे. म्हणून हुकाला झटक्यात सोडायची कळ असते. म्हणूनच दारं-झाकणं बंद ठेवायची सक्त ताकीद असते. आणि एक आखूड दुसरी दोरी मुख्य दोरीला मागच्या बाजूला डेकवर धरून ठेवते, गॉग रोप म्हणतात तिला. ती असली की ओढीचं टोक मागे जातं, नसली की मध्यावर. वळायचं असेल तेव्हा ढिली, सरळ ओढायचं तेव्हा घट्ट. म्हणजे मी ज्या दोन जागांच्या मध्ये दोन रविवार घालवले, त्या दोन्ही जागा खऱ्या टगवर एकाच दोरीने सांभाळतात. दहेजला इतकी वर्षं बघत होतो, पण मागच्या डेकवरची ती बारीक दोरी कधी डोळ्यांत भरली नाही.

हूक उंचीलाही एक सेंटिमीटर खाली घेतला. खाली एक छोटा सर्वो बसवला. रिमोटचा वरचा खटका दाबला की हुकाची पिन मागे सरकते आणि दोरी सुटते. झाकणाला रबरी पट्टी आणि सहा स्क्रू लावले. आणि हुकाशी तालीम केली: पन्नास वेळा ताणलेली दोरी, पन्नास वेळा खटका. दोनदा अडकला, मग पिन पॉलिश केली.

शेवटची परीक्षा पादरा गावाकडच्या आमच्या एका नातेवाइकांच्या शेतावर, बोअरच्या पाण्याच्या सिमेंटच्या हौदात. (विश्वामित्री घराला जवळ आहे, पण तिथे मगरी आहेत. चार महिन्यांचं काम कुणाच्या न्याहारीला द्यायची इच्छा नव्हती.) भाचा ट्रकच्या ट्यूबवर बसला. बासष्ट किलोचा इसम आणि ओढायला सहाशे साठ ग्रॅमचा जोर. थ्रॉटल पूर्ण दिला. दोरी पाण्यातून वर आली, थेंब गाळत ताठ झाली आणि काहीच झालं नाही. एक सेकंद, दोन. टगच्या मागे पाणी उकळत होतं, टायर थरथरत होते. मग भाच्याच्या मागे हौदाच्या कडेचं शेवाळ बोटभर सरकलं. "हललो, मामा!" आणि तो हलला तो थांबेना. बारा मीटर लांबीच्या हौदाला मिनिटभर लागलं असेल. भिंत जवळ आल्यावर मी मोटर बंद केली, टग थांबली, भाचा येतच राहिला. अंगावर येणार हे दिसलं तसा खटका दाबला. दोरी सुटून पाण्यात पडली, टग उजवीकडे निसटली आणि ट्यूब भिंतीला धप्पकन टेकली.

शेत राखणारे एक म्हातारे गृहस्थ काठावर उकिडवे बसून सगळं बघत होते. ते उठून जवळ आले, टगकडे वाकून बघितलं. "आटली नानी बोट," ते म्हणाले, "ने दोरी वच्चे केम बांधी? छेडे बांधवी जोईए ने?" म्हणजे एवढीशी बोट, आणि दोरी मध्येच का बांधली, टोकाला बांधायला हवी ना?

मी रिमोट बंद केला, चप्पल काढून त्यांच्या शेजारी काठावर बसलो आणि वाळूत बोटाने बोटीचा आकार काढायला घेतला.